राखेचा डबा

आखाडीला माहेरी गेलेली वहिनी ढाणकीहून परत आली तेव्हा तिच्या पिशवीत नव्या लुगड्याच्या घडीत गुंडाळलेलं एक मांजरीचं पिल्लू होतं. तिला आणायला गेलेल्या दादानं, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं, ते वाटेतच पाहिलं असणार, पण तो काही बोलला नव्हता. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं आणि घरात बायकोची बाजू घ्यायची त्याची हिंमत नव्हती. वहिनीनं पिल्लू वसरीत ठेवलं आणि आपण त्याच्यामागे उभी राहिली, जणू त्याच्याआधी तिलाच कुणी विचारणार आहे. ते राखी रंगाचं, अंगावर काळपट ठिपके असलेलं, मुठीएवढं होतं. मायनं एकदा त्याच्याकडे आणि एकदा सुनेकडे पाहिलं. "माहेरून लोक कुरड्या-पापड आनते व," ती म्हणाली. पण बाबा बाजेवरून उठले, पिल्लाला मानेला धरून वर उचललं आणि म्हणाले, "राहू दे. कापसाच्या खोलीत उंदरायनं सरकी फोडून फोडून ढीग केला हाय. हे राखन करन." मग स्वतःशीच हसून म्हणाले, "सरकीचा राखनदार. तं नाव सरकीच ठेवा." तेच नाव राहिलं.

आमचं घर आर्णीच्या अलीकडे, अरुणावतीच्या ह्या काठाला होतं. मातीच्या भिंती, वर कवेलू, पुढे वसरी, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून कापसाची खोली. त्या खोलीचा वास मला अजून येतो. वेचणी सुरू झाली की दर दिवशी एकेक गाठोडं तिथे रिकामं व्हायचं आणि दिवाळीनंतर ढीग माझ्या छातीपर्यंत यायचा. त्यात उडी मारली की आवाज येत नसे. आपलाच श्वास कानात ऐकू यायचा. भिंतीपलीकडून चुलीत पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, मोडून घातल्याचा कडकड आवाज, भाकर थापल्याचा आवाज, आणि माय व वहिनी काही न बोलता एकमेकींच्या बाजूनं फिरत असल्याची बांगड्यांची चाहूल. तुरीच्या ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडल्या की त्याचा वास कापसालाही लागायचा. थंडीच्या दिवसांतलं आमचं अर्धं जेवण त्या शेंगांचंच असे.

वहिनीच्या वडिलांचं ढाणकीला धान्याचं छोटं दुकान होतं. दुकानात मांजर ठेवायची आणि दुकान बंद झालं की ती आतच कोंडलेली राहायची, म्हणून तिच्यासाठी राखेचा डबा ठेवायची तिकडची पद्धत. वहिनीनं तीच पद्धत आमच्या घरी आणली. गावात कुत्री फार होती, सरकीला बाहेर सोडणं शक्य नव्हतं. वहिनीनं रॉकेलचा रिकामा डबा आडवा कापून घेतला, त्याच्या कडा दगडानं ठोकून बोथट केल्या आणि चाळलेली राख भरून तो मागच्या दारापाशी ठेवला. पहिले दोन-तीन दिवस ती पिल्लाला जेवण झालं की डब्यात नेऊन ठेवायची, त्याचे पुढचे पंजे धरून राखेत हळूच खरडायला लावायची. चौथ्या दिवसापासून सरकी आपणच जाऊ लागली. विहिरीवर बाया मायला विचारायच्या, "तुमच्या मांजरीले न्हानी हाय म्हनते?" माय म्हणायची, "मांजरीची हाय, आता माहाबी पाट टाकते तिथीसा." ती चेष्टा होती, पण त्या चेष्टेत थोडं कौतुकही होतं. सुनेनं काहीतरी आणलं आणि ते घरात चाललं, एवढं तिला मान्य करावं लागलं होतं.

राख बदलायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. रोज सकाळी डब्यातली जुनी राख उकिरड्यावर टाकायची आणि कोपऱ्यातल्या मडक्यातली दोन दिवस थंड झालेली, वहिनीनं चाळून ठेवलेली राख भरायची. पाच मिनिटांचं काम. ते मला कमीपणाचं वाटे. वहिनी मला बापू म्हणायची, माझी टोपी धुऊन द्यायची, भाकरीचा पापुद्रा काढून त्यात तेल-तिखट भरून शाळेसाठी बांधून द्यायची. ते सगळं मी घेत असे आणि राख बदलताना मात्र तोंड वाकडं करत असे. हे मी आता लिहू शकतो. तेव्हा मला माझं तोंड दिसत नव्हतं.

कापसाची वेचणी सुरू करायच्या आधी आमच्याकडे सीतादही करतात. घरची बाई शेतात जाते, पहिल्या फुटलेल्या बोंडांची पूजा करते, पऱ्हाटीच्या बुडाशी दही-भात ठेवते आणि मग पहिला कापूस वेचते. त्या वर्षी मायनं वहिनीला पुढे केलं. नव्या सुनेच्या हातानं वेचलेला तो ओंजळभर कापूस मायनं घरी आणून देवाजवळच्या टोपलीत ठेवला. वर्षभर देवाच्या वाती त्याच कापसाच्या व्हायच्या. त्या दिवशी वेचणाऱ्या बायांसाठी अंगणात रोडगे केले. रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे असतात. त्यासाठी गोवऱ्यांचा मोठा ढीग पेटवून त्याचा लाल इस्तो करावा लागतो. रोडगे, वांग्याची भाजी, वरण. मी सहा रोडगे खाल्ले, तुपासकट. त्या दिवशी आमच्या घरात वहिनी पहिल्यांदा मोठ्यानं हसलेली मी ऐकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे वेचणीला गेले. मी घरी होतो, शाळेला उशीर झाला होता आणि मडक्यात राख नव्हती. आदल्या दिवशी भांडी घासायला सगळी संपली होती. चुलीतली काढायची तर ती चाळावी लागणार. अंगणात मात्र रोडग्यांच्या गोवऱ्यांची राख पडली होती, पांढरीशुभ्र, पिठासारखी. मी घमेलं भरलं. रोज आमच्या चुलीत पऱ्हाटी जळते, तिची राख बघता बघता थंड होते. गोवरीची तशी नसते. गोवरी वरून मेलेली दिसते आणि पोटात दुसऱ्या दिवसापर्यंत जागी असते. हे आमच्याकडच्या कुठल्याही पोराला माहीत असतं. मलाही होतं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की वरून हात लावून पाहिलं होतं, राख थंड होती. ते खरंच आहे. पण घमेलं उचललं तेव्हा त्याच्या बुडाची ऊब माझ्या बोटांना लागली होती. ऊब लागली, आणि मी ते डब्यात ओतलं, कारण शाळेची घंटा वाजून गेली होती.

सरकी लगेच आली. नव्या राखेचा तिला आनंद व्हायचा. ती उडी मारून आत गेली, उजव्या पंजानं दोनदा उकरलं, आणि जो आवाज आला तो मांजरीचा वाटला नाही. ती एका झेपेत ज्वारी साठवायच्या ढोल्यावर जाऊन बसली आणि पंजा हवेत धरून थरथरू लागली. डब्यात तिनं उकरलं होतं तिथे एक लाल तुकडा दिसत होता, वाऱ्यानं हळूहळू उजळत. मी तिला खाली काढलं, पंजा पाण्यात बुडवला, जवसाचं तेल लावलं. मधली गादी पांढरी पडून फुगली होती. मग मी डब्यातली राख उकिरड्यावर नेऊन मातीत दाबली, चुलीतली थंड राख काढून डबा नीट भरला, आणि जमिनीवर सांडलेली राख ओल्या फडक्यानं पुसली. शाळेला उशीर होत होता म्हणून मी घाई केली होती, आणि हे सगळं करायला मात्र मला वेळ मिळाला.

संध्याकाळी वहिनीला सरकी लंगडताना दिसली. "काय झालं व इले?" तिनं मला विचारलं.

"काटा रुतला असन," मी म्हणालो. "मागच्या दारी गेलती."

वहिनीनं तिला मांडीवर घेतलं, दाराच्या उजेडात बसली आणि सुईनं काटा काढू लागली. सुई पदराला पुसून ती पुन्हा पुन्हा त्या फुगलेल्या गादीत घालायची. सरकी ओरडायची, पण वहिनीचं बोट तिनं चावलं नाही. "दिसत नाई," वहिनी म्हणायची. "आत मुरला वाटते. धर बापू, पाय धर तिचा." मी पाय धरला.

पंजा आठ-दहा दिवसांत बरा झाला. पण सरकी त्या डब्यात पुन्हा गेली नाही. ती दोन हातांवरून मान लांब करून वास घ्यायची आणि मागं सरायची. पहिल्यांदा ढोल्यामागं घाण सापडली, मग बाजेखाली, मग कापसाच्या खोलीत. वहिनीनं डबा धुतला, उन्हात वाळवला, जागा बदलली. ती तिला उचलून डब्यात ठेवायची, पंजे धरून पूर्वीसारखं खरडायला लावायची, आणि सरकी अंगाला झटका देऊन तिच्या खांद्यावर चढायची. मायनं सांगितलं, नाक घास तिचं तिथीसा, त्याशिवाय कळत नाई. वहिनीनं तेही केलं. एका हातानं सरकीची मान धरलेली, दुसऱ्या हातानं स्वतःचे डोळे पुसलेले.

माझी मुलगी आता नागपूरला असते. तिच्या घरात मांजर आहे, आणि तिच्यासाठी प्लॅस्टिकच्या पेटीत विकत आणलेली वाळू. मागे त्या मांजरीनं पेटी सोडली तेव्हा मुलगी तिला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हिला त्या पेटीत कधी काही दुखलं होतं का?" मुलगी मला हे फोनवर सहज सांगत होती. मग तिलाच विचारावं लागलं, बाबा, ऐकू येतंय ना?

आमच्या घरी तो प्रश्न कुणी विचारला नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. दोष वहिनीचा होता. मांजर तिची, डबा तिचा, वळण तिनं लावलेलं. माय मोठ्यानं भांडणारी नव्हती. ती भाकरी थापता थापता, परातीकडे बघत बोलायची. "मांजरीले वळन लावता नाई आलं, उद्या लेकरायले काय लावन?" वहिनी सारवलेलं पुन्हा सारवायची. तिच्या हाताला शेणाचा वास राहू लागला. मला ठाऊक होतं की सरकीला डब्याची नाही, राखेची भीती बसली आहे. नदी घरापासून कोसभरसुद्धा नव्हती; एक पाटी रेती आणली असती तर काम झालं असतं. तेवढंही मी सुचवलं नाही. रेती कायले, असं कुणी विचारलं असतं तर मला पुढचं सांगावं लागलं असतं.

मग एका संध्याकाळी मायनं देवाजवळ दिवा लावला. वात तडतडली, धूर आला आणि घरभर वास सुटला. मायनं दिवा विझवला. टोपली उजेडात आणून सीतादहीचा तो कापूस बोटानं उलटा केला. तो खालून पिवळा झाला होता. आम्हाला वाटलं ती आता ओरडेल. ती ओरडली नाही. टोपली तशीच उचलून तिनं अंगणात नेऊन ठेवली, हात धुतले आणि बाबांना म्हणाली, "सुनेच्या हातचा पहिला कापूस होता. आता वर्षभर मी देवाले काय सांगू?" थोड्या वेळानं म्हणाली, "उद्या या मांजरीले नदीपार सोडून या."

बाबांनी दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, उद्या वेचणी हाय. मी म्हणालो, मी जातो. ते चांगुलपणानं म्हणालो नाही. दुसरं कुणी नेऊ लागलं असतं तर ते मला बघावं लागलं असतं, आणि बघण्यापेक्षा करणं सोपं वाटलं.

सकाळी वहिनीनंच सरकीला पोत्यात घातलं. आत आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा टाकला. आदल्या रात्रीचं दूध पाजलं होतं, त्यामुळे सरकी शांत होती. पोत्याचं तोंड बांधून झालं तरी वहिनीनं ते माझ्या हातात दिलं नाही.

"बापू," ती म्हणाली, "तू सकायी घरीच राह्यतं. तुले काई दिसलं होतं काय? पह्यले तं जाये ते डब्यात. मंग काहून भेते? मले सांग, मी आत्याबाईले नाई सांगनार."

तिनं ते हळू आवाजात विचारलं होतं. माय गोठ्यात होती. वहिनीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संशयही नव्हता. तिला फक्त कळून घ्यायचं होतं.

"मले काय मालूम," मी म्हणालो.

तिनं पोतं दिलं.

मांजर सोडायची रीत बाबांनी समजावून सांगितली होती. नदी ओलांडायची, पलीकडे पोतं तीनदा गोल फिरवायचं, म्हणजे तिला दिशा राहत नाही, आणि मग सोडून मागं न बघता यायचं. अरुणावतीला त्या दिवसांत गुडघाभर पाणी होतं. मी पायजमा वर दुमडून पलीकडे गेलो. पोतं तीनदा फिरवलं. आतून काही आवाज आला नाही. गाठ सोडली तेव्हा सरकी झोकांड्या खात बाहेर आली, इकडेतिकडे पाहिलं, आणि रेतीवर चार पावलं गेली. तिथे तिनं वास घेतला. मग उजवा पंजा थोडा वर धरून डाव्या पंजानं उकरायला सुरुवात केली. नीट खड्डा केला, त्यावर बसली, उठली, वास घेतला, आणि चारही बाजूंनी रेती ओढून तो इतका स्वच्छ बुजवला की जागा ओळखू आली नसती. वहिनीनं शिकवलं होतं तसंच. एक कण चुकला नाही.

मी ते सगळं उभं राहून पाहिलं. तिला लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून, पोत्यात दोन पाटी रेती भरून घरी जाणं एवढंच करायचं होतं. घरी दोन झापडा बसल्या असत्या. कदाचित बसल्याही नसत्या. मी परत फिरलो आणि पाण्यात शिरलो. तिचा आवाज माझ्यामागे पाण्याच्या काठापर्यंत आला आणि तिथेच राहिला. ती ओरडत होती. मधोमध मी थांबलो, रिकामं पोतं हातात धरून. पाण्याचा खळखळाट होता, त्यातूनही तिचा आवाज येत होता. बाबांनी मागं बघू नको म्हणून सांगितलं होतं, आणि मी आज्ञाधारक मुलासारखं बघितलं नाही.

वहिनी अंगणात सुपानं तूर पाखडत होती. तिनं सूप थांबवलं. "कुठीसा सोडली?"

"तिकडच्या काठाले एक म्हशीवाला राह्यते," मी म्हणालो. "त्याच्या घरापाशी."

"दूध भेटन तिले," वहिनी म्हणाली आणि पाखडू लागली.

त्यानंतर आमच्या घरात मांजर आली नाही. वहिनीला पुढे तीन मुलं झाली. थोरला चार वर्षांचा होईस्तोवर अंथरूण ओलं करायचा, तेव्हा माय भाकरी थापता थापता म्हणायची, "सरकीचंच वळन हाय." वहिनी मुलांना रात्रीतून तीन-तीनदा उठवायची. कुणाच्या घरी गेली तर आपल्या मुलांच्या मागे फडकं घेऊन फिरायची. तिचा तो धाक सगळ्यांनी तिचा स्वभावच मानला. मायच्या अखेरच्या दोन वर्षांत वहिनीनंच तिचं सगळं केलं, अंथरुणातलंही. मायनं तिला एकदा जवळ बसवून तिच्या हातावर हात ठेवला होता, असं दादा सांगतो. काय बोलली ते दोघींनाच ठाऊक.

मागच्या वर्षी पुतण्याच्या मुलीच्या बारशाला मी गावी गेलो होतो. बायका बसल्या होत्या, नवी आई बाळाला पायांवर घेऊन शी-शू करवत होती आणि बाळ ऐकत नव्हतं. सगळ्या आपापली अक्कल सांगत होत्या. वहिनी हसून म्हणाली, "मले नोका विचारू माय. मले तं मांजरीले बी वळन लावता नाई आलं." सगळ्या हसल्या. तीही हसली. चाळीस वर्षं ती हे वाक्य असंच सांगत आली होती, आणि ते तिला खरं वाटत होतं.

जेवणं झाल्यावर ती मागच्या दारी एकटी बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि सांगितलं. रोडग्याची राख, घमेल्याची ऊब, लाल तुकडा, सगळं. मी सांगताना तिच्याकडे पाहत नव्हतो. मला वाटलं होतं ती रागावेल, किंवा म्हणेल जाऊ दे बापू, पोरपन होतं. यापैकी कशाचीही मी तयारी करून आलो होतो.

मग तिनं विचारलं, "कोनता पाय?"

"उजवा. पुढचा."

तिनं आपला उजवा तळहात उलटा करून पाहिला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं त्याच्या मधोमध दाबलं.

"मी सुई घातली होती तिथीसा," ती म्हणाली. "काटा नव्हताच तं. मी किती वेळ काटा पायत होती." पुन्हा थोड्या वेळानं, "मंग नाक घासलं तिचं."

मी जे चाळीस वर्षं बाळगलं ते तिच्यापुढे ठेवून हलका होईन असं मला वाटलं होतं. मी पाहिलं की तिनं ते उचललं, आणि माझ्याकडचं काहीच कमी झालं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती उकिरड्याच्या दिशेनं बघत होती.

"पन त्या म्हशीवाल्याच्या घरी," ती शेवटी म्हणाली, "दूध तं भेटलं असन तिले."

"हो," मी म्हणालो. "भेटलं असन."

एवढं एक मी तिला सांगू शकलो नाही. नदीच्या त्या काठाला तेव्हा एकही घर नव्हतं.